आणि सहकारी

बासवाल्याचा सोलो सुरू झाला आणि शेजारच्या टेबलानं बिल मागवलं.

तोवर ते टेबल जॅझ चांगलं ऐकत होतं, हे सांगायला हवं. सॅक्सोफोनवाल्यानं भरपूर हिंडून आणून बरोबर जागेवर सोडलं, तेव्हा त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी टेबलावर अशी थाप दिली की ग्लास हलले. पियानोच्या वेळीही माना डोलत होत्या. मग पियानोनं हात आखडते घेतले, ड्रमवाल्यानं काठ्या ठेवून तारांचे ब्रश उचलले, सॅक्सोफोनवाला खांबाला टेकून उभा राहिला, आणि इतका वेळ मागे भिंतीलगत असलेला एक किडकिडीत मुलगा आपल्या डोक्याहून उंच वाद्याला कवेत घेऊन एकटाच वाजवू लागला. आवाज एकदम खाली आला. आवाज खाली आला म्हणजे मध्यंतर झालं, असं सगळ्या हॉलनं परस्पर ठरवून टाकलं. कुणी पार्किंगचं कुपन शोधू लागलं, कुणाला आठवडाभराची हकीकत नेमकी आत्ताच सांगायची होती, मागून एक सिझलर चुरचुरत, धूर सोडत आमच्या नाकासमोरून गेला. मुलगा डोळे मिटून वाजवत होता. त्याचे ओठ हलत होते. जे बोटांतून यायचं ते तो आधी तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होता.

मला राग आला. खरं तर येण्याचं कारण नव्हतं. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही, समोर बसून ऐकण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्या मुलाशी माझी ओळख ना पाळख. पण त्या टेबलाकडे मी ज्या नजरेनं पाहिलं ती माझी नव्हतीच, ती आईची होती. पुण्यातल्या कुठल्या कुठल्या सभागृहांत, शाळांच्या हॉलमध्ये, देवळांच्या मंडपात तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून, नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पेटीचे दोन सूर एकटे ऐकू येऊ लागले आणि कुणी बोलायला लागलं, की ती असंच वळून पाहायची.

तिथे मला भाचीनं नेलं होतं. "मावशी, तू सवाईला दिवसचे दिवस मांडी घालून बसतेस, माझ्यासाठी दोन तास खुर्चीत बस," असं म्हणाली. नळ स्टॉपला मेट्रोत बसलो, बंडगार्डनला उतरलो आणि तिथून रिक्षा. पेठेत जन्म काढलेल्या माणसाला स्टेशनापलीकडचं पुणं तसंही परगावासारखंच असतं. कँपात पारशी, गोवेकर आणि अँग्लो-इंडियन घरांतून पियानो वाजत, नाताळात नाच होत, हे लहानपणी ऐकून ठाऊक. पण आमचा कँपाशी संबंध कयानीच्या रांगेपुरता. कोरेगाव पार्कात तर वडाच्या पारंब्या बघत दुचाकीवरून जावं आणि परत यावं, एवढंच. ज्या जागी गेलो तिचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या जेवणाबद्दल मला बरं बोलता येणार नाही. दारात कव्हर चार्ज भरला की मनगटाला कागदी पट्टी चिकटवतात. आत एसीचा गारठा, तळलेल्या लसणाचा वास, आणि प्रत्येक टेबलावर बर्फाची किणकिण. रंगमंच म्हणावा तर वीतभर उंच. त्यावर चौघं. सॅक्सोफोन, कीबोर्ड (पियानो म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते), ड्रम आणि तो उभा बास. माइक लावून, गळा साफ करून, "आज मी अमुक राग सादर करतो" वगैरे काही नाही. एकानं चुटक्या वाजवल्या, तीन-चार शब्द पुटपुटला, आणि वाजायला लागलं.

ऐन ड्रमच्या पुढ्यात जागा मिळाली होती. रेकॉर्डवर जॅझ कानांवरून गेलं असेल तेव्हा त्या झांजेचा मला नुसता सळसळता आवाज ऐकू आला होता, पाऊस बाहेर पडत असल्यासारखा, लक्ष न देण्याजोगा. इथे चार हातांवरून ऐकलं तर आधी काठीचं लाकूड ऐकू येतं, टक् असं, कोरडं. मग धातू जागा होतो आणि पसरत जातो, आणि तो पसरून विरायच्या आत पुढची काठी पडते. तो माणूस उजव्या हातानं एकच एक नक्षी अखंड घालत होता आणि डाव्या हातानं मध्येच कुठेतरी एखादा ठोका असा टाकत होता की पियानोवाला मान वर करून हसायचा. त्यांचं आपसांत काहीतरी चाललं होतं. ते आपल्याला सगळं कळलं नाही तरी चालतं, असा एक मोकळेपणा त्या वाजवण्यात होता. आपल्याकडेही तबलजी आणि गवयाचे असे डोळ्यांचे खेळ चालतात, पण तिथे गवई राजी असेल तरच.

सगळ्यात आधी मला खटकलं ते तानपुरा नसणं. चौघांमागे कुणी बसलेलं नाही, सा धरलेला नाही. कानाला इतकी सवय असते की आपण तो सा ऐकतोय हेही आपल्या लक्षात येत नाही. तो नसला की मात्र पायाखालून काहीतरी गेलंय असं वाटत राहतं. आणि इथे तर सा नुसता गायब नव्हता, तो हिंडत होता. एका जागी कान टेकवावा, जरा बरं वाटावं, तोच दोन मात्रांनी सगळं दुसऱ्याच सुरावर जाऊन उभं. सॅक्सोफोनवाला जे वाजवत होता ते सुरेल आहे हे कळत होतं, पण कशाच्या मानानं सुरेल, हे कळत नव्हतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी नुसती दमले. भाची कानाशी लागून "कॉर्ड बदलतेय" असं काहीसं सांगत होती. तिला म्हटलं, गप्प बस, मला शोधू दे.

ताल त्या मानानं लवकर हाती लागला. चार-चारचे मात्रांचे तुकडे पडत होते, आणि चार तुकडे झाले की माझा तीनताल पुरा. एका चिजेत बारा तुकड्यांचं एक चक्कर होतं. ब्लूज म्हणतात तो हा, भाची म्हणाली. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं, आणि चौथं सुरू होताना बरोबर ती सगळी मंडळी पुन्हा पहिल्या घरात. समेवर मी मांडीवर हात टाकला आणि ड्रमवाल्यानं नेमकी तिथेच मोठी झांज फोडली. झालं, म्हटलं, आता आपण इथे परके नाही. फक्त वजनाची गंमत होती. माझा हात पहिल्या मात्रेवर पडत होता आणि त्याच्या डाव्या पायातल्या दोन झांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 'चिक्' करून मिटत होत्या. मी माझी मात्रा सोडेना, तो त्याची. शेवटी दोन्ही मिळूनच ते चालणं नीट चालतंय, असं माझ्या ध्यानात आलं.

आणि चालतंय म्हणताना जो चालत होता तो बास. दर मात्रेला एक सूर, न चुकता, न थांबता, खालून वर, वरून खाली. त्याला वॉकिंग बास म्हणतात हे नंतर समजलं. सा कुठे गेला हे मी सॅक्सोफोनमध्ये शोधत होते, पियानोच्या गर्दीत शोधत होते. तो त्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटांखाली होता. घर बदललं की पहिल्यांदा बास तिथे जाऊन पोचायचा, मग बाकीचे. ताल बघायचा तरी त्याच्याकडे आणि आधारसूर बघायचा तरी त्याच्याकडे. तबला आणि तानपुरा या दोन्हींचं काम हा एकटा करतोय, हे लक्षात आल्यावर मी दुसरं कुणाकडे फारसं पाहिलंच नाही. चार जाड तारा, पडदे नाहीत, सूर सगळा अंदाजाचा. उजव्या हाताची पहिली दोन बोटं तारेत खोल रुतवून ओढायची, सोडायची. त्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. वाद्याचा खालचा लोखंडी टोकदार पाय गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून त्यानं सतरंजीचा हातभर तुकडा घरून आणून खाली घातला होता. बाकी सगळ्यांच्या पायाखाली हॉटेलची फरशी होती.

नानांनी जन्मभर पेटी वाजवली ती साथीला. नोकरी टपाल खात्यात. संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून ते निघायचे आणि रात्री कधी परतायचे ते आम्हा मुलांना कळायचं नाही. ज्याला आप्पा जळगावकरांसारख्यांनी मोठ्या मैफलींतून नाव मिळवून दिलं त्या वाद्याचा हा पेठेतला, बिनबोभाट संसार होता. नाट्यसंगीताचे कार्यक्रम, भजनं, क्लासच्या गुरुपौर्णिमा, कुणाच्या तरी साठीशांतीतलं गाणं. पेटीला आकाशवाणीनं १९४० साली दार बंद केलं, हिच्यावर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, जमत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, निघत नाहीत, परदेशी आहे म्हणून, आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. तोवर नाना तिशीत आले होते. ज्या वाद्याला रेडिओत जायला बंदी, ते वाजवणाऱ्यानं स्वतःविषयी फार कल्पना करून घेऊ नयेत, अशी त्यांची काहीतरी समजूत झाली असावी. कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायिकेचं नाव ठळक, तबलजी नावाजलेला असला तर त्याचं बारीक, आणि मग 'आणि सहकारी'. नानांचा मुक्काम बहुतेक त्या सहकाऱ्यांत. आई ती पत्रिका घडी घालून डब्यात ठेवायची. नाव नसलेल्या पत्रिका कशाला ठेवायच्या, असं मी एकदा विचारलं तेव्हा तिनं उत्तर दिलं नव्हतं.

त्यांचा खरा हातखंडा होता लेहरा धरण्यात. तबल्याचं एकलवादन असलं की कुणीतरी सोळा मात्रांची एक छोटीशी धून सतत वाजवत राहावं लागतं. ती असते म्हणून तबलजीला आणि ऐकणाऱ्यांना आवर्तन दिसत राहतं. नानांचा आवडता चंद्रकौंसातला. तास-तासभर तेच सोळा मात्रांचं वळण, लय तसूभर वाढवायची नाही, घटवायची नाही, तबलजीनं तिहाई घेऊन, एकच तुकडा तीनदा वाजवून, कितीही चकवलं तरी आपण चकायचं नाही. डावा हात भात्यावर, उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर आणि नजर तबलजीच्या डाव्या खांद्यावर. तिथे हालचाल आधी दिसते, म्हणायचे. तबलजी अवघड चक्रदारातून समेवर उतरला की टाळ्यांचा कडकडाट. तो हात जोडायचा, रुमालानं कपाळ पुसायचा. नाना वाजवतच असायचे. लेहरा थांबवता येत नाही. टाळ्यांच्या खाली तो ऐकूही येत नसे, तरी चालूच.

गाण्याच्या मैफलीत क्वचित गायिका मान तुकवून "घ्या" म्हणायची. मग दोन-तीन आवर्तनं नानांची. त्या दोन-तीन आवर्तनांत गायिका तानपुऱ्याच्या खुंट्यांना हात घालणार, पाण्याचा घोट घेणार, शालीचं टोक सावरणार; समोर लोक घड्याळं बघणार, डब्याची झाकणं उघडणार. आणि आई वळून बघणार.

नाना स्वतः म्हणायचे, "पेटी ऐकू आली म्हणजे समज, काहीतरी बिघडलं." हे वाक्य आमच्या घरात सुभाषितासारखं चालायचं. मला त्यात फार मोठेपणा वाटायचा. त्या रात्री कोरेगाव पार्कात बसून पहिल्यांदा शंका आली, की माणसानं हे स्वतः निवडलेलं असतं, की जे वाट्याला आलं त्याला त्यानं बरा कपडा चढवलेला असतो?

कारण समोर वेगळाच कायदा चालू होता. आधी सगळ्यांनी मिळून धून वाजवायची, मग एकेकानं तिच्याच सांगाड्यावर आपलं म्हणणं मांडायचं, पुन्हा सगळ्यांनी मिळून धून, संपलं. कुणी "घ्या" म्हणत नव्हतं. ज्याचं झालं तो आपण होऊन बाजूला सरकत होता. सॅक्सोफोनवाला, ज्याचं नाव बाहेरच्या फलकावर सगळ्यांत मोठं, तो स्वतःचं वाजवून झालं की खांबाशी जाऊन उभा राहायचा आणि चक्क श्रोता व्हायचा. हे मला नवीन होतं. आपल्याकडे मुख्य कलाकार साथीदाराला दाद देतो, मनापासून देतो, पण बैठकीच्या मध्यावरून हलत नाही. शेवटी शेवटी तर सॅक्सोफोन चार तुकडे वाजवणार, ड्रम चार तुकडे, परत तो चार, हा चार, अशी जुगलबंदी लागली आणि शेजारच्या टेबलानं बिल भरायचं थांबवून शिट्ट्या मारल्या. सवाल-जवाब कुठल्याही मुलखात लोकांना उठवतात.

म्हणून हा कायदा चांगला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चौथ्या-पाचव्या चिजेपर्यंत मला त्या क्रमाचा जरा कंटाळाही आला. सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम. प्रत्येकाला वाटा मिळालाच पाहिजे म्हणून दिलेला वाटा. दर वाट्याअखेर टाळ्या, त्यात पुढच्याचे पहिले चार सूर बुडालेले. विलंबित ख्याल असा वाटून देता येत नाही. एकाच गळ्यातून पाऊण तास एक राग उलगडत जातो तेव्हा त्या एकटेपणाचीच ती किमया असते. तिथे मध्येच आता तुम्ही, आता तुम्ही सुरू केलं तर हाती काय लागेल? आणि खोटं कशाला बोलू, बासचा सोलो मधे काही वेळ मलाही रेंगाळल्यासारखा वाटला. चालतानाचा बास जेवढा भरदार, तेवढा एकटा पडल्यावर उरला नव्हता. खालचे सूर कानापेक्षा छातीला जास्त कळतात, त्यांची वाक्यं पटकन उमगत नाहीत. त्या टेबलाचा मला राग आला होता तो कायम होता, पण त्यांचं काय झालं असेल हेही समजत होतं. कायद्यानं वेळ मिळते. ऐकून घेणं कायद्यात बसत नाही.

आणि जॅझ आपल्याला अगदीच नवं, असंही कुठे आहे? अमेरिकेतले काळे वादक १९३५च्या सुमाराला मुंबईच्या ताजमध्ये येऊन वाजवू लागले, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं, आणि हॉटेलांतली रात्र संपल्यावर तेच वादक सकाळी फिल्म स्टुडिओत हजर. पुणतांब्याला जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या 'अलबेला'त भगवानदादांना जे नाचवलं, त्यात चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचा हात किती होता हे जाणकार सांगतात. पडद्यावरही तो आपल्या बँडसकट दिसतो. गणपतीच्या मिरवणुकीत आपले काका-मामा दोन बोटं वर करून त्या चालीवर नाचले, तेव्हा ते काय ऐकत होते? पण त्या वादकांची, वाद्यमेळ लिहून देणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत क्वचित. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले त्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव देशभर झालं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. एवढ्या मोठ्या वादकाच्या नावाला ऐकायला येण्यासाठी काय काय करावं लागलं! मुंबईत पुढे १९७८ साली 'जॅझ यात्रा' सुरू झाली, रंगभवनात उघड्यावर सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला वाजवून गेला. पुण्यातून तेव्हा कोण कोण डेक्कन क्वीननं गेलं असेल कोण जाणे. आमच्या वाड्यातून कुणी गेल्याचं स्मरत नाही.

कार्यक्रम संपल्यावर भाचीची कॅब येईपर्यंत आम्ही मागच्या पार्किंगशी उभ्या होतो. तो मुलगा एका छोट्या मोटारीत बास घालत होता. पुढची सीट पूर्ण मागे पाडायची, वाद्याची मान गिअरच्या बाजूनं डॅशबोर्डपर्यंत न्यायची, पोट मागच्या सीटवर, आणि सगळ्यावर ती सतरंजी. हे सगळं तो इतक्या सरावानं करत होता की मदत विचारायची सोय नव्हती. मी मराठीत "छान वाजवलंत" म्हटलं तर लगेच "थँक यू काकू" आलं. चिंचवडचा निघाला. दिवसा हिंजवडीत नोकरी. म्हटलं, तुमचा सोलो चालू असताना लोक बोलत होते, वाईट नाही वाटत? तो हसला. "काकू, बास सोलो म्हणजे बाथरूमला जायची वेळ. आमच्यात हा जगभरचा जुना जोक आहे." मग तुम्ही हेच वाद्य का घेतलंत? मला वाटलं होतं काहीतरी गहिरं सांगेल. "आधी गिटार वाजवायचो. गिटारवाले प्रत्येक गल्लीत चार. बासवाले पुण्यात मोजकेच, त्यामुळे कामं मिळतात." आणि पैसे? हे मी विचारायला नको होतं, भाचीनं कोपर मारलंच. पण त्यानं सरळ सांगितलं, चौघांत सारखे वाटतात, ज्यानं कार्यक्रम ठरवला त्याचं पेट्रोल वेगळं.

हे सगळं दुसऱ्या दिवशी नानांना सांगितलं. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून पेटी कपाटावर आहे, पण महिन्या-दोन महिन्यांनी उतरवून पुसतात. बिलाचं ऐकून त्यांना काहीच वाटलं नाही. "सारखे वाटतात," यावर मात्र ते बराच वेळ थांबले. "सारखे? सगळ्यांना?" मग पेट्रोलवर खूप हसले. म्हणाले, "मला एकदा गायिकेच्या रिक्षात जागा नव्हती म्हणून पेटी रिक्षात गेली आणि मी मागून चालत." हे आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. तुम्हाला अशी रोजची वेळ मिळाली असती तर आवडलं असतं का, असं विचारल्यावर त्यांनी हात झटकला. "वेळ कशाला? मला लेहरा धरायला आवडायचा. पण नाव छापायला काय जात होतं? शाई लागते तेवढीच लागते." म्हणजे सुभाषित खरंही होतं आणि पुरतं खरं नव्हतंही. आईनं त्या पत्रिका का ठेवल्या होत्या, ते विचारायला आता आई नाही.

भाची म्हणाली, आजोबांना ऐकवू या. तिनं मोबाईलवर ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' लावलं. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीतलं पहिलंच. निवडलं ते यासाठी, की त्यात धूनच बास वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांचं उत्तर देतात. नानांनी मोबाईल कानाशी धरला. थोड्या वेळानं म्हणाले, "हे मधूनमधून नुसतं काय म्हणतायत? आणि कुणाला?" मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून बासचे खालचे सूर बाहेरच येत नाहीत. धून जवळजवळ नाहीशी, उरलेले नुसते होकार. मग जुन्या डेकचे स्पीकर काढले, त्यांची धूळ झटकली, भाचीनं कुठलीशी वायर शोधून जोडली. पुन्हा लावलं तेव्हा टेबलावरचा स्टीलचा पेला आधी थरथरला.

"अस्सं," नाना म्हणाले. "शाहीर मागे बसलाय आणि पुढची मंडळी जी-जी करतायत!"

बासवाल्याचं नाव विचारलं त्यांनी. पॉल चेंबर्स, सांगितलं. तेव्हा तेविशीत होता, तेहेतिसाव्या वर्षी गेला. "अरेरे," म्हणाले, आणि परत लावायला सांगितलं. निषाद कोमल आहे, गंधार येऊ दे मग सांगतो. ट्रम्पेटनं गंधार लावल्यावर म्हणाले, "काफी. पांढरी दोनचा काफी." म्हणजे सा दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. धून मधल्या भागात सगळीच्या सगळी अर्ध्या सुरानं वर सरकते तिथे त्यांनी डोळे उघडले. "काळी दोन? सा बदलला यांनी?" मी म्हटलं, नाना, मला रात्री असंच झालं. ते ऐकत नव्हते, बोटांवर मोजत होते. दोन आवर्तनं पांढरी दोन, आणखी दोन तीच, मग दोन आवर्तनं काळी दोन, मग परत दोन पांढरी. म्हणजे आठ आवर्तनांचं घर. हे चांगलं आहे, चुकायला भरपूर जागा आहे.

पेटी मी उतरवली. भात्याला एक चीर आहे, तिथून सुसकारे येतात. पट्ट्यांचा सूर रेकॉर्डच्या मानानं जरा उतरलेला, म्हणून नानांनी स्पीकर बंद करायला लावले आणि नुसतीच धून काढली: सा प ध नि सां रें नि सां. दोन-तीनदा अडखळली, मग बसली. मग म्हणाले, आता उत्तर तुम्ही दोघींनी द्यायचं, ध आणि प, पहिला लांब, दुसरा तोडलेला. मी म्हटलं, नाना, तुम्ही पुढे वाजवा ना काहीतरी, आम्ही मागे आहोतच. "पुढे-बिढे काही नाही. मी हेच वाजवणार, तासभर. चुकायचं असेल तर तुम्ही चुका." डावा हात भात्यावर गेला आणि नजर माझ्या डाव्या खांद्यावर. आम्ही दोघींनी श्वास घेतला, एकमेकींकडे पाहिलं, "धऽप" म्हटलं.

"उशीर," नाना म्हणाले. "दोघींनाही. परत."